जुनी फियाट 500 की जुनी मिनी कूपर? अमेरिकेत दुसरी गाडी घेणाऱ्यांसाठी

घरात एक मोठी गाडी आहेच, आता दुसरी छोटी, जुनी आणि चालवायला मजा येईल अशी हवीय, असं ठरलं की अमेरिकेत बहुतेकांची गाडी याच दोन नावांवर येऊन अडते. मी दोन्ही वापरल्यात. 2013 ची फियाट 500 चार वर्षं चालवली आणि त्यानंतर घेतलेली 2015 ची मिनी कूपर अजून दारात उभी आहे. हॉर्सपॉवर, मायलेज, डिकी केवढी ही माहिती कुठेही मिळेल, ते सोडून बोलतो.

फियाट घेतली तेव्हा मन आधीच तिकडे झुकलेलं होतं. लहानपणी ठाण्याला आमच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, पण बाबांनी तिला पद्मिनी कधीच म्हटलं नाही, "फियाट काढतो" असंच म्हणायचे, आणि पुढच्या सलग सीटवर आई-बाबांच्या मध्ये बसून स्टीयरिंगजवळचा तो गिअरचा दांडा बघत मी मोठा झालो. त्यामुळे लाल 500 मध्ये बसल्यावर समोरचा डॅशबोर्डसुद्धा बाहेरच्या पत्र्याच्याच लाल रंगात दिसला आणि तिथेच ठरलं. आजही मला आतून तीच गाडी जास्त सुंदर वाटते. गावात, अरुंद गल्लीत, पार्किंगमध्ये ती इतकी सहज वळते की मिनीसुद्धा मोठी वाटायला लागते.

हायवेवर मात्र उलटं. आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या भागात राहतो, आय-80 वर ट्रकांची रांग असते, त्यांच्या शेजारून जाताना फियाटचं स्टीयरिंग मी दोन्ही हातांनी धरायचो आणि मिनीत तेवढी काळजी वाटत नाही, रस्त्याला चिकटून जाते. मिनीचे रन-फ्लॅट टायर, म्हणजे पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे, कडक असतात, हिवाळ्यानंतरच्या खड्ड्यांत कंबर बोलते, ते मान्य. मागच्या सीटबद्दल दोघींचंही काही सांगण्यासारखं नाही, तिथे पिशव्याच ठेवायच्या.

आता ज्यामुळे माझा निर्णय झाला ते. फियाटने मला रस्त्यात कधी सोडलं नाही, हे आधीच सांगतो. झालं असं की एका फेब्रुवारीत बर्फ उपसताना माझ्या जॅकेटच्या खिशातून चावी पडली. सेकंडहँड गाडी, सोबत एकच चावी मिळालेली. चावीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, फोर्ड, टोयोटा, होंडा असेल तर अर्ध्या तासात येतो, फियाटचं सामान मी ठेवतच नाही. जिथून गाडी घेतली होती त्या दुकानाला फोन केला तर त्यांनी फियाटचा बोर्ड केव्हाच उतरवलेला. मग दीड तासावरच्या एका दुकानात गाडी टो करून नेली, तिथे चावी मागवायची, ती आली की गाडीशी जुळवायची, आणि जुळवणारा माणूस आठवड्यातून दोनच दिवस यायचा. अकरा दिवस गाडी तिथे पडून होती. बर्फ वितळल्यावर जुनी चावी कुंपणाच्या कडेला सापडली, लाल कडीसकट, ती मी अजून ठेवलीय.

त्या अकरा दिवसांत मला कळलं की फियाट अमेरिकेत का टिकली नाही. सगळे म्हणतात गाडी लहान म्हणून, पण मग मिनी कशी चालली? बीएमडब्ल्यूची नवी मिनी इथे 2002 मध्ये आली आणि 2013 मध्ये वर्षाला 66,000 च्या वर विकली जात होती. फियाटची अडचण वेगळी होती. 1970 च्या दशकात गंज आणि न मिळणारे पार्ट यामुळे नाव इतकं खराब झालं की लोक त्या चार अक्षरांचा अर्थ "फिक्स इट अगेन टोनी" असा लावायचे, आणि 1983 च्या सुमाराला कंपनी निघूनच गेली. 2009 मध्ये क्रायस्लर दिवाळखोरीतून बाहेर काढताना फियाट पुन्हा आत आली आणि 2011 पासून मेक्सिकोतल्या तोलुकात बनलेली 500 इथे मिळायला लागली. पहिल्या वर्षाचं लक्ष्य 50,000 होतं, अमेरिकेत 20,000 सुद्धा गेल्या नाहीत. त्यात डीलरांना फियाटसाठी वेगळा "स्टुडिओ" उभारायला सांगितलेलं, म्हणजे जागा वेगळी, माणसं वेगळी, खर्च वेगळा, आणि सुरुवातीला विकायला गाडी एकच. पुढे 2012 मध्ये विक्री 43,000 च्या वर गेली, मग 500एल, 500एक्स आल्या, पण 2014 च्या शेवटी पेट्रोल स्वस्त झालं आणि लोक पुन्हा एसयूव्हीकडे वळले. रिकाम्या शोरूमचं भाडं कोण किती दिवस भरणार? एकेक दुकान बंद होत गेलं किंवा क्रायस्लरच्याच जीपच्या शोरूममध्ये एका कोपऱ्यात सरकलं. 2019 नंतर पेट्रोलवरची 500 इथे बंदच झाली. इलेक्ट्रिक 500ई 2024 मध्ये परत आली, पण ती वेगळी गोष्ट आहे, आणि जुन्या 500 च्या मालकाची सोय तिच्यामुळे होत नाही.

मिनीचा फायदा असा की तिच्या पाठीशी बीएमडब्ल्यू आहे. मिनीचं दुकानही आमच्यापासून लांबच आहे, पण गावातला जो मेकॅनिक बीएमडब्ल्यू करतो त्याच्याकडे स्कॅनर असतो, ओळख असते, पार्ट दोन दिवसांत येतो. खर्च जास्त होतो, ते खोटं नाही. एका ब्रेकच्या कामाचं बिल बघून बायको दोन दिवस बोलली नव्हती. पण गाडी संध्याकाळी घरी होती. 2014 पासूनच्या कूपरमध्ये बीएमडब्ल्यूचं नवीन तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्याच्या आधीच्या टर्बो गाड्यांच्या इंजिनातली टायमिंग चेन बिघडण्यासाठी कुप्रसिद्ध आहे, तेव्हा शक्यतो 2014 च्या पुढचीच बघा.

तुम्ही मोठ्या शहरात राहत असाल, फियाट करणारा माणूस वीस मिनिटांवर असेल आणि रोजचं येणं-जाणं गावातल्या गावात असेल तर कदाचित तुमचा अनुभव माझ्यापेक्षा चांगला येईल, 500 स्वस्तातही मिळते आणि रोज बघून बरं वाटतं. माझ्यासारखं आडबाजूला राहत असाल तर मला तरी मिनीच बरी वाटते. आणि 500 च घ्यायची असेल तर आधी जवळच्या दोन-तीन गॅरेजना फोन करून फियाट घेता का एवढं विचारा, आणि दोन चाव्या हातात आल्याशिवाय चेकवर सही करू नका.