जुन्या मर्सिडीज २४० डी गाडीत सॅक्सचा क्लच सेट बसवताना

गेल्या पावसाळ्यात खंबाटकी घाट चढताना माझ्या १९७८ सालच्या मर्सिडीज २४० डीचा क्लच घसरू लागला. इंजिनाचा आवाज चढत होता, गाडीचा वेग मात्र वाढत नव्हता. (नियमाप्रमाणे ५० वर्षे पूर्ण झाल्याशिवाय तिला व्हिंटेज म्हणता येत नाही, पण क्लचला ते कोण सांगणार?) या मालिकेच्या गाड्यांतला क्लच हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) असून झिजेप्रमाणे आपोआप जुळवून घेतो, त्यामुळे पेडलवरून झीज कळत नाही. ती पाहण्यासाठी स्लेव्ह सिलिंडरच्या (तेलाच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या) बुडाशी खाचा असलेली प्लास्टिकची चकती दिलेली असते, आणि तिच्याकडे मी कधीही लक्ष दिले नव्हते.

जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट येथे १८९५ साली सुरू झालेल्या सॅक्स कंपनीचा सेट मी मागवला. त्यात क्लच प्लेट, तिला दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि पेडल दाबल्यावर तो दाब सोडवणारे रिलीज बेअरिंग एवढेच होते. क्रँकशाफ्टच्या टोकातले छोटे पायलट बेअरिंग वेगळे घ्यावे लागले. विक्रेत्याने आधी दुसऱ्याच इंजिनाची, वेगळ्या व्यासाची प्लेट पाठवली होती, म्हणून मागणी नोंदवताना चासिस क्रमांक द्यावा. योग्य प्लेट मात्र गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या दात्यांवर न अडखळता सरकली आणि हलवून पाहिली तरी खडखडली नाही.

खरी कसोटी फ्लायव्हीलची, म्हणजे क्लच प्लेट जिच्यावर दाबली जाते त्या इंजिनाच्या टोकाच्या जड चकतीची होती. जुन्या प्लेटचे रिव्हेट अस्तराबाहेर येऊन त्यावर गोल चरे पडले होते. पहिल्या गॅरेजमध्ये फक्त घासला जाणारा भाग लेथवर साफ करून देतो म्हणाले. मी गाडी तिथून हलवली. या फ्लायव्हीलला पायरी असते, म्हणजे प्लेट टेकते तो पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट बसतात तो पृष्ठभाग वेगवेगळ्या पातळीवर असतात. एक कापला की दुसराही तेवढाच कापावा लागतो, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो आणि नवा सेटही घसरू लागतो. दुसऱ्या ठिकाणच्या वयस्कर टर्नरने काहीही न सांगता आधी पायरीची उंची मोजून खडूने लिहून ठेवली, तेव्हाच मी निश्चिंत झालो.

प्लेट मध्यावर धरून बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत नेले. क्लचच्या तेलात अडकलेली हवा काढण्याची पद्धत मात्र पाहण्यासारखी आहे: पुढच्या ब्रेक कॅलिपरच्या निपलपासून (हवा सोडायच्या छोट्या तोंडापासून) स्लेव्हच्या निपलपर्यंत पारदर्शक नळी जोडायची आणि ब्रेकचे पेडल हळूहळू दाबून तेल खालून वर चढवायचे. क्लच आणि ब्रेक यांची तेलाची टाकी एकच असल्यामुळे हे जमते. नळीतले बुडबुडे वर सरकताना दिसतात. टाकी भरून वाहणार नाही यावर एकाने नजर ठेवावी, कारण ते तेल रंग खाते.

पहिले काही दिवस गाडी जागेवरून पुढे घेताना किंचित थरथर जाणवली, मग ती गेली. घाटात आता तक्रार नाही, आणि हाच सेट मी पुन्हा घेईन. चूक माझी एकच झाली: खर्च वाचवण्यासाठी स्लेव्ह सिलिंडर जुनाच ठेवला. दोन महिन्यांत तो गळू लागला. तो बाहेरच्या बाजूला असल्यामुळे गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही, पण ती पारदर्शक नळी पुन्हा जोडून बसावे लागले.