आठ महिने मध्यम लो-कार्ब: गाडी अडते ती भाकरीच्या वजनावर

चौथ्या महिन्यात वजन उतरायचं थांबलं की दोष तेलावर, झोपेवर नाहीतर थायरॉइडवर जातो. त्याआधी परातीतलं पीठ तोला. इथला लो-कार्ब आहार म्हणजे किटो, म्हणजे कर्बोदकं जवळजवळ बंद करणारा आहार, नाही. दिवसाला १३० ते १५० ग्रॅम कर्बोदकं एवढीच मर्यादा आहे, आणि आठ महिन्यांच्या वापरानंतर ती पाळण्याजोगी वाटते. पण आपल्याकडे ती मोडते भाकरीवर, कारण 'ज्वारी म्हणजे डाएट' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं.

हिशोब साधा आहे. ज्वारीचं पीठ आणि कणीक, दोन्हींत १०० ग्रॅमला तंतू धरून ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात. फुलक्याला २५ ग्रॅम कणीक लागते, म्हणजे १७ ग्रॅम. हातावर थापलेल्या नेहमीच्या भाकरीला ७० ग्रॅम पीठ सहज जातं, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम. एक भाकरी म्हणजे तीन फुलके! 'दोन पोळ्यांऐवजी दोनच भाकऱ्या' असा बदल करणाऱ्याचं खाणं कमी न होता वाढतं. ज्वारी वाईट नाही, ती पोटाला चांगली धरते. चूक नगावर मोजण्यात आहे.

भाजलेली भाकरी तोलू नका, त्यात पाण्याचं वजन येतं. कोरडं पीठ तोला, थापताना लावायचं पीठही त्यातच धरा. ४० ग्रॅमची भाकरी जमते, पण पातळ थापावी लागते आणि कडा फाटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि दळून बरेच दिवस झाले की पिठाची विरी, म्हणजे धरून राहण्याचा गुण, जाते. अशा वेळी उकळत्या पाण्यात उकड काढा, झाकून दहा मिनिटं ठेवा, कोमट असतानाच तळहाताने रगडून मळा. दळणही आठवड्यापुरतंच आणलेलं बरं.

भाताबद्दलचं मत मात्र मधेच बदललं. सुरुवातीला भात पूर्ण बंद होता, आणि वजनही भराभर उतरलं. पण पहिल्या आठवड्यातला एक-दोन किलोंचा उतार बराचसा पाण्याचा असतो: शरीरातल्या साठवणीच्या साखरेबरोबर तिच्या सुमारे तिप्पट पाणी धरलेलं असतं, ते निघून जातं. पुढे रात्री दहाला फरसाणाचा डबा उघडायची वेळ येते, आणि भात सोडून वाचवलेलं सगळं तिथे जातं. आता रात्री शिजलेला भात ७५ ग्रॅम, म्हणजे २१ ग्रॅम कर्बोदकं, वरणाबरोबर. त्याने रात्रीचं चरणं थांबतं.

दिवसाची मांडणी अशी बसते. सकाळी ५० ग्रॅम मुगाची धिरडी, दोन कप बिनसाखरेचा चहा. दुपारी दोन फुलके किंवा ४० ग्रॅम पिठाची एक भाकरी, ३० ग्रॅम मटकीची उसळ, पालेभाजी, वाटीभर दही. संध्याकाळी ३० ग्रॅम शेंगदाणे. रात्री ३० ग्रॅम डाळीचं वरण, तो भात, भाजी आणि १०० ग्रॅम पनीर किंवा मासे. प्रथिनं ६५ ग्रॅमच्या वर जातात. डाळी-उसळीतही कर्बोदकं असतात, ती वरच्या मर्यादेतच मोजायची.

उपवासाचा दिवस सगळ्यात महागात पडतो. ६० ग्रॅम साबुदाण्यात ५० ग्रॅमच्या वर निव्वळ पिष्ट असतं, वर बटाटा. वरई पर्याय म्हणून सुचवतात, पण तीही ७० टक्क्यांच्या घरातलीच. दही, काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याची आमटी आणि एक लहान रताळं एवढ्यावर दिवस निघतो.

दुसरी गळती कुटाची. प्रत्येक भाजीत पडणारं शेंगदाण्याचं कूट कोणी मोजत नाही, आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यात ५६० च्या वर कॅलरी असतात. तेलाचा मोठा चमचा १२० कॅलरींचा. भाकरी कमी करून कूट वाढवलं तर काटा हलणार नाही. २०१८ साली स्टॅनफर्डच्या चाचणीत ६०९ जणांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट खायला सांगितलं होतं. दोन्ही गटांच्या घटलेल्या वजनात लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणून 'कर्बोदकं तोडली की बाकी कितीही खा' हे खरं नाही.

'मल्टिग्रेन' आट्याच्या पुड्यांवर पैसे घालवू नका. मागच्या बाजूला १०० ग्रॅममागचा आकडा वाचा, तो बहुतेक वेळा साध्या कणकेच्या आसपासच असतो आणि किंमत मात्र चढी. बदामाच्या पिठाचीही गरज नाही, ते कणकेच्या कितीतरी पट महाग पडतं. मूग, मटकी, अंडी आणि पालेभाजी यांत काम भागतं. खर्च करायचाच तर एक ग्रॅमपर्यंत अचूक दाखवणाऱ्या काट्यावर करा.

धान्य घटलं की तंतूही घटतात आणि पोट साफ होत नाही. दोन्ही जेवणांत मोठी वाटी भरून पालेभाजी किंवा गवार-भेंडी हवी, पाणीही वाढवायला हवं.

मधुमेहासाठी इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) चालू असेल तर भाकरी निम्मी करण्याआधी डॉक्टरांशी बोला, मात्रा तशीच राहिली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या मधुमेहाच्या गोळ्या) घेणाऱ्यांनी कर्बोदकं फार उतरवली तर रक्तात आम्ल साचू शकतं, तेही साखर फारशी वाढलेली नसताना. मूत्रपिंडाचा आजार असेल तर उसळ-पनीर वाढवण्याआधीही विचारायलाच हवं.