आग्र्याहून आलेलं पार्सल

ताजमहालाचं तिकीट भारतीय माणसाला 50 रुपये आहे. मुख्य मकबऱ्यात जायचं असेल तर वर 200. पंधरा वर्षांखालच्या मुलांना काहीच नाही. म्हणजे आम्हा चौघांचा ताजमहाल हजार रुपयांत व्हायला हवा होता. आमच्याकडून तीन हजार दोनशे घेतले, आणि त्या सहलीतल्या लुबाडणुकीत ही रक्कम किरकोळच म्हणायची. पुण्याहून सुट्टीत दिल्ली-आग्रा करणारी मंडळी भरपूर आहेत, म्हणून झालेला प्रकार सविस्तर लिहितोय. दुकानाचं आणि एजंटाचं नाव देत नाही, कारण तक्रार ग्राहक आयोगापुढे आहे.

आम्ही म्हणजे मी, बायको, माझी आई आणि सासरे. सासरे शाळेतून निवृत्त झालेले इतिहासाचे शिक्षक, भारत इतिहास संशोधक मंडळातलं व्याख्यान सहसा न चुकवणारे. आईला ताजमहालापेक्षा मथुरा-वृंदावनाची ओढ जास्त. गाडी आणि हॉटेल पुण्यातल्याच एका एजंटाकडून ठरवलं होतं. "सगळं इन्क्लूडेड आहे सर, गाईड लागला तर ड्रायव्हर बघेल," असं तो म्हणाला होता. हे शेवटचं वाक्य कुठल्याही एजंटाच्या तोंडून आलं की तिथेच थांबवा आणि लेखी मागा: गाईड कोण, त्याचं ओळखपत्र कुठलं, पैसे किती.

कारण आग्र्यात तुमचा खिसा कोणी कापत नाही. तुम्हाला हातोहात पुढे पोचवलं जातं. एजंट ड्रायव्हरच्या हवाली करतो, ड्रायव्हर गाईडच्या, गाईड दुकानदाराच्या. प्रत्येक जण अगदी अदबीने वागतो, थोडंसंच घेतो आणि पुढच्याची ओळख करून देतो.

प्रदूषणामुळे ताजच्या आसपास पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे. गाडी लांब लावायची आणि उरलेलं अंतर बॅटरीच्या गाडीने किंवा पायी जायचं. नियम चांगलाच आहे, पण सगळी मेख याच टप्प्यात आहे. गाडीतून उतरल्यावर तिकीटखिडकी कुठे, सामान कुठे ठेवायचं, काय आत चालतं, यातलं नवख्या माणसाला काही ठाऊक नसतं. आमच्या ड्रायव्हरने तिथे एका माणसाला हाक मारली. गळ्यात निळी फीत, ओळखपत्र मात्र शर्टाच्या खिशात. "सरकारी गाईड हैं, आप निश्चिंत रहिए." सासऱ्यांनी कार्ड बघायला मागितलं. "दिखाता हूँ बाबूजी, पहले लाइन पकड़ लेते हैं." ते कार्ड शेवटपर्यंत खिशातच राहिलं. पर्यटन मंत्रालयाचा परवाना असलेल्या गाईडकडे फोटोचं ओळखपत्र असतं आणि ते दाखवायला त्याला काही अडचण नसते.

माणशी आठशे रुपयांत व्हीआयपी रांग, तिकीट, बुटांवरची आवरणं आणि गाईड, असा त्याचा हिशेब. तिकिटं त्याच्या मोबाइलवर. दारावर कोड त्यानेच दाखवला, आम्हाला किंमत दिसलीच नाही. रांग साधीच होती. खरे दर बाहेर पडताना खिडकीवरच्या फलकावर वाचले. तिकीट स्वतःच्या मोबाइलवर काढा. खिडकीवर काढलंत तर स्वतःच्या हातात ठेवा. आणि हो, शुक्रवारी ताज बंद असतो. हे माहीत नसलेल्या प्रवाशाला शुक्रवारी आग्र्यात उतरवून दिवसभर दुकानं दाखवत फिरवणं हा तिथला जुना उद्योग आहे.

आत त्याने नेहमीच्या कथा सांगितल्या. शहाजहानने कारागिरांचे हात तोडले, यमुनेपलीकडे काळा ताज बांधायला घेतला होता, वगैरे. यातल्या कशालाच भक्कम पुरावा नाही, पण कथाच त्या, ऐकायला बऱ्या वाटतात. मुमताजचा मृत्यू 1631 मध्ये बुऱ्हाणपुरात झाला, तिला आधी तिथेच पुरलं होतं, हे त्याला सासऱ्यांनी सांगितलं. वर जाळीच्या आत दिसतात त्या नुसत्या प्रतिकृती. खऱ्या कबरी खालच्या तळघरात आहेत. शहाजहानच्या उरुसाचे तीन दिवस सोडले तर ते तळघर बंद असतं. "पाँच सौ में खुलवा देता हूँ," असं तो आईच्या कानाशी येऊन म्हणाला. आई म्हणाली, "मला कबरी बघून काय करायचंय?" पाचशे वाचले.

तिकिटाची मुदत तीन तास असते. त्या मुदतीचा धाक दाखवत त्याने आम्हाला तासाभरातच बाहेर काढलं. ती घाई कशासाठी होती ते लगेच कळलं. "ज्या घराण्यांनी ताज घडवला त्यांचे वंशज अजून तेच काम करतात, पाच मिनिटं फक्त बघा, घेऊ नका काही." सासरे तिथल्या तिथे म्हणाले, "अरे, आत्ताच तर हात तोडलेस त्यांचे. मग पोरांना शिकवलं कोणी?" गाईड मनापासून हसला आणि गाडीचं दार उघडून उभा राहिला.

दुकानाबाहेर 'सरकारमान्य एम्पोरियम' अशी पाटी. आत दोन-तीन माणसं चाकावर अकीक, लाजवर्द अशा रंगीत दगडांचे कपचे घासत बसलेली, चहा आला, खुर्च्या आल्या. मालकाने गाव विचारलं आणि पुणे ऐकताच हात उंचावून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला. मराठी गिऱ्हाईक कसं विरघळतं याचा त्यांचा अभ्यास पक्का आहे. मग प्रात्यक्षिक. दगडाखाली टॉर्च लावून उजेड आरपार दाखवला, वर पाणी ओतलं, सुरीने खरवडलं, काही झालं नाही. तो नमुन्याचा तुकडा शंभर टक्के राजस्थानातल्या मकराण्याचा संगमरवर असणार, याबद्दल माझ्या मनात अजूनही शंका नाही. आम्हाला विकलेला माल वेगळा.

बायकोला अठरा इंची टेबलटॉप आवडला. मधे आठ पाकळ्यांचं कमळ, कडेने वेल. किंमत शेहेचाळीस हजार. परदेशी पार्टीने ऑर्डर रद्द केली म्हणून आमच्यासाठी चोवीस. घासाघीस करणाऱ्याला आपण जिंकलो असं वाटावं इतपतच ते खाली येतात. पॅकिंग मजबूत करून कुरिअरने पुण्याला धाडतो, आणि तोच नग पाठवला याची खात्री म्हणून मॅडमनी मागे सही करावी, ही सूचनाही त्याचीच. सही मात्र दगडावर नाही, मागे चिकटवलेल्या पांढऱ्या स्टिकरवर. "पत्थर पे स्याही नहीं टिकती, मैडम." दुकानात फोटोला मनाई होती, तरी बायकोने मोबाइलवर एक काढला. पुढे जी काही लढाई चालली आहे, ती त्या एका फोटोच्या जोरावर.

दुपारी किल्ला. आग्र्याचा किल्ला बघताना मराठी माणसाच्या मनात एकच गोष्ट असते, आणि तेही गाईडला ठाऊक असतं. 12 मे 1666 ला औरंगजेबाच्या दरबारात जे घडलं ते याच किल्ल्यात. तिथपर्यंत तो बरोबर बोलत होता. मग आवाज खाली आणून म्हणाला, महाराजांना जिथे कोंडलं होतं ती कोठडी बंद भागात आहे, मिलिटरीच्या ताब्यात, पण पहारेकरी ओळखीचा आहे, हजार रुपये द्यावे लागतील. किल्ल्याचा मोठा भाग खरोखरच लष्कराकडे आहे आणि पर्यटकांना बंद आहे, त्यामुळे थाप खपून जाते. आईने पर्स उघडली. सासरे पुढे एका खांबाजवळ रेंगाळले होते. ते येईपर्यंत पैसे गेले होते आणि आम्ही एका अंधाऱ्या, वटवाघळांचा वास येणाऱ्या खोलीच्या दारात उभे होतो. आईने चपला काढून हात जोडले.

महाराज किल्ल्यात कैदेत नव्हतेच. त्यांचा मुक्काम किल्ल्याबाहेर, मिर्झाराजे जयसिंगाचा मुलगा रामसिंग याच्या तळाजवळ होता आणि भोवती फौलादखानाचा पहारा. 17 ऑगस्टला ते निसटले तेही तिथूनच. जयपूर दरबाराकडच्या राजस्थानी पत्रांमध्ये त्या दिवसांची हकिगत अगदी तपशिलाने आलेली आहे. सासऱ्यांनी हे सगळं त्या खोलीच्या दारात, मराठीत, चढ्या आवाजात सांगितलं. गाईडला शब्द कळले नसतील, सूर कळला. तो चहा प्यायला म्हणून जो गेला तो परत आला नाही. चोवीस हजारांचं मला जितकं वाईट वाटत नाही, तितका राग या हजाराचा आहे. ज्याला आग्र्यात महाराजांना वंदन करायचंय त्याने किल्ल्यासमोरच्या अश्वारूढ पुतळ्यापाशी जावं, तिथे तिकीट नाही.

फत्तेपूर सिक्रीबद्दल थोडक्यात. रस्त्यातच पोरं गाडीसमोर येतात, गाईडशिवाय सोडत नाहीत म्हणून सांगतात. खोटं आहे. पंचमहाल, दिवाण-ए-खास या राजवाड्याच्या भागाला तिकीट आहे. बुलंद दरवाजा आणि सलीम चिश्तीचा दर्गा यांना नाही. दर्ग्याच्या अंगणात "मैं गाइड नहीं, स्टूडेंट हूँ" म्हणणारा मुलगा चिकटला तर तो चादरीच्या दुकानावर नेणार हे धरून चाला. आईने अकराशेची चादर घेतली. वाहिलेली चादर घडी होऊन मागच्या बाजूने पुन्हा दुकानाकडे गेल्याचं बायकोने पाहिलं. जाळीला दोरा बांधायचाय तर दोरा बांधा, चादर आणि पेटीत टाकायच्या नोटा यांची कोणी सक्ती करू शकत नाही. दिल्लीत हुमायूनच्या मकबऱ्यात मात्र आम्हाला कोणी हटकलंही नाही. आपल्या शनिवारवाड्यासारखं, माहिती हवी तर आपणच कोणाला तरी गाठून विचारायची.

पार्सल कर्वेनगरच्या घरी आलं. मागे बायकोच्या सहीचं स्टिकर, नीट चिकटवलेलं. पुढे कमळ सहा पाकळ्यांचं. वेलीचे रंग कडेला पसरलेले. कात्रज-कोंढवा रस्त्यावरच्या एका मार्बलवाल्याकडे घेऊन गेलो. त्याने काही न बोलता अंगठ्याचं नख ओढलं आणि दगडावर पांढरी रेघ उठली. शंखजिरं, म्हणजे मऊ सोपस्टोन. संगमरवरावर नखाने ओरखडा उठत नाही. दुसरी परीक्षा लिंबाची: संगमरवर हा कॅल्शियम कार्बोनेट असतो, लिंबाचा रस टाकला की बारीक बुडबुडे येतात. रस पॉलिश खातो, म्हणून मागच्या बाजूला टाकायचा. आमच्या दगडावर रस नुसता पडून राहिला. टॉर्चच्या उजेडाचं म्हणाल तर तो अलाबास्टर या दुसऱ्या मऊ दगडामधूनही जातो, त्यावरून काहीच ठरत नाही. आग्र्यात खरा संगमरवर आणि खरी पच्चीकारी, म्हणजे दगडात रंगीत दगड बसवायचं काम, करणारे लोक आहेत, पण तिथे गाईडच्या मागून जाऊन पोचता येत नाही.

दुकानदार फोनवर म्हणाला, फोटोत उजेडाचा फरक आहे. पाकळ्या उजेडाने कमी कशा झाल्या ते त्याने सांगितलं नाही. बिल काढून बघितलं तर त्यावर 'हँडिक्राफ्ट आयटम, 1 नग' एवढंच, संगमरवराचा उल्लेखच नाही. खाली 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही'. बिलावर वस्तूचं पूर्ण नाव, माप आणि 'संगमरवर' हा शब्द लिहून घेतल्याशिवाय कार्ड देऊ नका. त्या छापील ओळीला मात्र घाबरू नका. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथाच धरलेली आहे.

त्याच कायद्याचा दुसरा उपयोग असा की तक्रारीसाठी आग्र्याला जावं लागत नाही. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे आम्हाला पुण्यातच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथून गेलेल्या पत्रानंतर दुकानदार 'तुमच्या खर्चाने पाठवा, बदलून देतो' इथपर्यंत आला. आम्ही पाठवलं नाही. नग हातातून गेला की पुरावाही गेला. प्रवासात असतानाच काही घडलं तर पर्यटन मंत्रालयाची 1363 ही हेल्पलाइन आहे, ती चोवीस तास चालते.

पुण्याच्या एजंटाने आधी हात वर केले. "सर, ते लोकल पार्टीचं असतं, आमचा काय संबंध?" अर्जाला जोडायला बिल स्कॅन करताना बायकोला कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले चार आकडे दिसले. ते आमच्या गाडीच्या नंबराचे शेवटचे चार होते. कुठल्या गाडीतून गिऱ्हाईक आलं त्याची नोंद दुकानाला कशासाठी लागते, हे एजंटाला विचारलं आणि सोबत तो कोपरा मोठा करून पाठवला. संध्याकाळी त्याचा फोन आला, पाच हजार 'गुडविल म्हणून' द्यायला तयार आहे, तक्रारीतून आमचं नाव तेवढं काढा. काढलेलं नाही. आयोगाची नोटीस आता दोघांनाही गेली आहे, दुकानदाराला आणि त्याला.