नव्या घरात मांजर: आधी एकच खोली की सगळं घर मोकळं?

मैत्रीण घर बदलतेय आणि तिचं अडलंय इथेच, मांजराला आधी एका खोलीत ठेवू की सरळ सगळ्या घरात सोडू.

भीतीचं बघितलं तर एक खोली सरळ जिंकते. मांजर जागा ओळखतं वासावरून, गाल घासून घासून स्वतःचा वास लावत जातं आणि नव्या घरात तो कुठेच नसतो, त्यामुळे एकदम मोकळं सोडलं की ते बेडखाली घुसतं, खाणंपण टाकतं. खोलीत जुनं न धुतलेलं पांघरूण, लपायला खोका, पाणी आणि लिटर ट्रे (शी-शू करायचा ट्रे) ठेवायचा, ट्रे खाण्यापासून लांब हं!.

मेहनत मात्र खोलीतच जास्त. दार सांभाळा, आत जाऊन बसा, वर रात्री दाराशी म्याव म्याव ऐका.

निसटायचा धोका मोकळं सोडण्यात, सामान येत असताना दारं उघडीच असतात ना.

भित्रं किंवा म्हातारं मांजर असेल, घरात अजून प्राणी असतील तर एक खोलीच, नीट खायला-खेळायला लागेपर्यंत. मांजर धीट, घर छोटं आणि सामान लावून झालेलं असेल तर खिडक्या बंद करून खुशाल सोडा. दोन्हीत दिवसभर काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला विचारा.