कडुनिंबाचं तेल: आठ महिन्यांच्या फवारणीनंतर

जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी दिसलं, तेव्हा हे तेल आणलं. कोल्ड प्रेस्ड, काहीही न मिसळलेलं. त्याला आता आठ महिने झाले. घरातली आणि गॅलरीतली मिळून तीसेक झाडं आहेत आणि सगळ्यांवर ते वापरून झालंय. तेल गुणाचं आहे, पण कीड कोणती ते ओळखून वापरलं तरच.

पहिल्या महिन्यात मी तेल थेट पाण्यात टाकून हलवत होते. तेल वर तरंगतं आणि पंपाची नळी तळातून ओढते. त्यामुळे आधी नुसतं पाणी उडालं आणि शेवटी निव्वळ तेल नेफ्रोलेपिस या नेच्याच्या (फर्नच्या) नाजूक पानांवर पडलं. तेही सकाळच्या उन्हात. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या, फार वाईट वाटलं. आता एक लिटर कोमट पाण्यात आधी 1 ते 2 मिली पातळ साबण मिसळते, मग 5 मिली तेल घालून दुधाळ होईपर्यंत ढवळते. ऊन उतरल्यावर फवारते आणि उरलेलं ठेवत नाही, कारण त्यातला अझाडिरॅक्टिन हा घटक पाण्यात आणि उन्हात लवकर निकामी होतो. नवीन झाड असेल तर आधी एकाच पानावर लावून दोन दिवस बघते.

हा अझाडिरॅक्टिन किडीला तिथल्या तिथे मारत नाही. तिची भूक मोडतो, कात टाकणं बिघडवतो. म्हणून दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसल्या तरी मात्रा वाढवू नका.

गुलाबाच्या कळ्यांवरचा मावा दोन फवारण्यांत गेला. पांढऱ्या माशीची पिल्लं पानाखाली चिकटून असतात, त्यांच्यावरही चांगला परिणाम दिसला. उडणाऱ्या माश्यांसाठी पिवळे चिकट सापळे लावले.

जास्वंदीवरच्या त्या कापसासारख्या किडीने, म्हणजे मिलीबगने (पिठ्या ढेकणाने), मात्र घाम काढला. मोठ्या मिलीबगच्या अंगावर मेणचट भुकटी असते, तिच्यावरून फवारा ओघळून जातो. शेवटी 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये इअरबड बुडवून एकेक टिपायला बसले. बोळा टेकला की भुकटी विरघळते आणि खालचं नारिंगी अंग उघडं पडतं. पानाच्या बेचक्यात, देठाच्या खाचेत, कुंडीच्या काठाखाली, सगळीकडे शोधावं लागतं. एका मादीच्या कापसात शेकडो अंडी असतात. म्हणून टिपून झाल्यावर दर सात दिवसांनी तेल फवारत राहिले, नव्याने निघालेल्या पिल्लांसाठी. जास्वंद स्वच्छ व्हायला सहा आठवडे लागले. खोडावर मुंग्यांची रांग होती, तीही तोडावी लागली. मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

होयाच्या वेलावर मिलीबग परत परत येत होते. कुंडीतून काढून बघितलं, तर मुळांनाच पांढरी भुकटी. वरच्या फवारणीने तिथे काय होणार! मुळं धुतली, माती पूर्ण बदलली.

अरेका पाम धूळ बसल्यासारखा निस्तेज दिसत होता. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकलं आणि कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले. लाल कोळी! त्याला आठ पाय, तो कीटक नव्हेच, त्यामुळे कीटकांवरची बरीच औषधं त्याच्यावर चालत नाहीत. हे तेल चाललं. पानं दोन्ही बाजूंनी धुऊन, पाच-पाच दिवसांनी तीनदा फवारलं.

खवले किडीवर निराशा झाली. कवचाखालची मोठी कीड नखानेच खरवडावी लागते. कुंडीतल्या मातीवरच्या चिलटांवरही मला फरक दिसला नाही, वरची माती सुकू दिल्यावर ती कमी झाली.

तक्रार वासाची आहे. लसणासारखा उग्र दर्प बंद खोलीत दोन दिवस राहतो, म्हणून कुंड्या गॅलरीत नेऊन फवारते. थंडीत तेल थिजतं, मग बाटली कोमट पाण्यात ठेवावी लागते. फुललेल्या झाडांवर मी फवारत नाही, मधमाश्या येतात.

सध्या दुसरी बाटली चालू आहे. होया अजून इतर झाडांपासून लांब ठेवलाय आणि दर रविवारी भिंग घेऊन त्याची बेचकी न् बेचकी तपासते.