गॅस गिझर की विजेचा गिझर : नागपूरच्या घरासाठी निवड आणि सुरक्षित जोडणी

नागपूर उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध असले, तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी येथील किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. दरवर्षी इतका कडाका नसतो. परंतु दिवाळी आटोपली की गरम पाण्याची सोय लागतेच आणि गिझर गॅसचा घ्यावा की विजेचा, हा प्रश्न घरोघरी निघतो. दुकानात ही चर्चा किंमत आणि बिल यांच्याभोवती फिरते. माझ्या मते पहिला निकष जागेचा आहे : यंत्र कोठे बसणार, ज्योतीला हवा कोठून मिळणार आणि जळून उरलेले वायू कोठे जाणार. त्याचे समाधानकारक उत्तर मिळाल्यावरच बाकीची तुलना करावी.

विजेच्या स्टोरेज गिझरमध्ये १५ किंवा २५ लिटरची टाकी आणि पाणी तापवणारे साधारण २ किलोवॉटचे एलिमेंट असते. पाणी आधी तापवून ठेवावे लागते, मात्र खोलीतील हवेशी त्याला काही देणेघेणे नसते. घरगुती गॅस गिझर पाणी साठवत नाही. नळ उघडताच पाण्याच्या दाबाने त्याचा बर्नर पेटतो आणि मिनिटाला पाच-सहा लिटर पाणी तापून बाहेर पडते. बादली तीन-चार मिनिटांत भरते आणि घरात सहा माणसे असली, तरी शेवटच्याला थंड पाण्यावर भागवावे लागत नाही. ही सोय मोठी आहे, पण ती मोठ्या ज्योतीच्या जोरावर मिळते. सहा लिटरचा गिझर साधारण १२ किलोवॉट उष्णतेइतका गॅस जाळतो, म्हणजे शेगडीचे चार-पाच मोठे बर्नर एकाच वेळी पेटवावेत तसे.

आता हाच गिझर बंद न्हाणीघरात कल्पून पाहू. पाच बाय सात फुटांच्या आणि नऊ फूट उंचीच्या न्हाणीघरात जेमतेम नऊ घनमीटर हवा मावते. दहा मिनिटांत गिझर दीडशे ग्रॅमहून थोडा अधिक एलपीजी जाळतो आणि त्यासाठी सुमारे दोन घनमीटर हवेतील सगळा प्राणवायू वापरतो. बाहेरची हवा आत येत नसेल, तर खोलीतील प्राणवायू २१ टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास उतरतो. तेथवर पोहोचण्यापूर्वीच ज्वलन अपुरे होऊ लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या मर्कॅप्टनचा असतो. जळालेल्या वायूत तो उरत नाही, त्यामुळे ‘वास आला असता तर कळले असते’ हा दिलासा येथे निरुपयोगी ठरतो. करोनाकाळात घरोघरी आलेला ऑक्सिमीटरही या बाबतीत फसवतो, कारण साध्या ऑक्सिमीटरला कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले रक्त प्राणवायूने भरलेल्या रक्तासारखेच दिसते आणि आकडा ९८ दाखवला जाऊ शकतो.

‘एक्झॉस्ट फॅन लावून देतो’ हे जोडणी करणाऱ्यांचे ठरलेले उत्तर आहे. ते मला मान्य नाही. पंखा हवा बाहेर फेकतो, पण दाराखाली फट किंवा जाळी नसेल तर तितकी हवा आत येणार कोठून? शिवाय वीज गेली की पंखा थांबतो, आणि बॅटरीवर पेटणारा गिझर मात्र चालूच राहतो. खिडकीचेही तसेच : थंडीत सर्वांत आधी तीच लावून घेतली जाते. आपल्या आजोळी तांब्याचा बंब असे, तो परसात किंवा मोरीबाहेर पेटवला जाई आणि त्याच्या मधोमध धुराचा नळकांडा वर गेलेला असे. धुराला वाट हवी, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नव्हते. थंड प्रदेशांत घर तापवणाऱ्या गॅसभट्टीलाही धूर बाहेर नेणारी नळी जोडावीच लागते. आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक छोटे गॅस गिझर मात्र अशा नळीविनाच येतात.

म्हणून गॅस गिझर घ्यायचाच असेल, तर तो न्हाणीघराच्या बाहेर, मागच्या गॅलरीत किंवा उघड्या धुण्याच्या जागेत बसवावा आणि तेथून फक्त गरम पाण्याची पाइपलाइन आत न्यावी. उघडी याचा अर्थ किमान एक बाजू खरोखर मोकळी. काचेच्या सरकत्या खिडक्यांनी बंद केलेली गॅलरी ही खोलीच समजावी. फ्लॅटमधील डक्टकडे, म्हणजे मजल्यांमधून वर जाणाऱ्या उभ्या पोकळीकडे, तोंड करून गिझर लावणे हा आणखी एक प्रचलित घोटाळा आहे, कारण त्याच डक्टमध्ये वरच्या मजल्यांच्या न्हाणीघरांच्या झडपा उघडतात आणि आपले धुराचे संकट शेजाऱ्याच्या घरी जाते. सिलिंडर उभा, जमिनीच्या पातळीवर आणि हवेशीर जागी असावा. खड्ड्यात किंवा बंद कपाटात नसावा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो खाली साचतो आणि मोरीच्या जाळीतून पुढे सरकतो. रबरी नळी आयएस ९५७३ या भारतीय मानकाची आणि दीड मीटरच्या आत असावी, ती भिंतीतून आरपार नेऊ नये आणि पाच वर्षांनी बदलावी. अंतर अधिक असेल तर तांब्याची पक्की नळी टाकून घ्यावी. प्रत्येक सांधा साबणाच्या फेसाने तपासावा, काडी पेटवून कधीही नाही. नळाने येणारा गॅस वापरणाऱ्यांनी त्याच गॅससाठी बनवलेले मॉडेल घ्यावे, कारण एलपीजीचा जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारे बारीक छिद्र, त्याला चालत नाही.

विजेच्या गिझरचे धोके वेगळे आहेत, आणि माझ्या मते ते आवरायला सोपे आहेत, कारण ते बहुतेक एकदाच नीट काम करून घेतल्याने मिटतात. महाल, इतवारीतील जुन्या घरांत अर्थिंग आहे असे बोर्डावरील तिसऱ्या छिद्रावरून वाटते. त्यामागे तार असतेच असे नाही. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घेतल्याशिवाय गिझर लावू नये. २ किलोवॉटचा गिझर जवळपास ९ अँपिअर आणि ३ किलोवॉटचा इन्स्टंट गिझर १३ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार आणि स्वतःचा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेल्यास आपोआप पडणारा स्विच) हवा. कूलरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढण्याची आपली सवय येथे चालणार नाही. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर गळणारा प्रवाह अंगातून जाऊ लागताच तो पुरवठा तोडतो. शॉक लागू लागल्यावर माणसाचा जीव वाचवणारी ही वस्तू आहे आणि खर्च कमी करताना नेमकी तीच वगळली जाते. टाकीतील जादा दाब सोडून देणारा प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह थेंब टाकतो म्हणून त्याला बूच मारणाऱ्या प्लंबरला त्याच दिवशी निरोप द्यावा. २५ लिटरची भरलेली टाकी पस्तीस किलोच्या आसपास जाते, तेव्हा चार इंची भिंतीवर ती टांगण्यापूर्वी भिंत पाहावी.

खर्चाचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या दराने करावा. वीस लिटरची बादली १८ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास विजेचे सुमारे अर्धे युनिट लागते, शिवाय तापवून ठेवलेल्या पाण्याची थोडी उष्णता वाया जाते. तेवढ्याच कामाला गॅस पन्नास ग्रॅमच्या आत लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये सुमारे तीनशे बादल्या होतात. सिलिंडरची किंमत तीनशेने भागावी आणि ती महावितरणच्या युनिटदराच्या निम्म्याशी ताडून पाहावी. तो दर टप्प्याटप्प्याने चढतो, ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० असा. आणि गिझर ज्या महिन्यांत चालतो, त्या महिन्यांत कूलर बंद असल्याने आपण बहुधा खालच्या टप्प्यात असतो. उन्हाळ्याच्या बिलावरून हिवाळ्याचा अंदाज बांधू नये.

पाण्याचाही विचार हवा. गॅस गिझरला पेटण्यासाठी ठराविक दाब लागतो, आणि स्लॅबवरील टाकी डोक्याच्या अगदी वर असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर तो बरेचदा मिळत नाही. ज्योत लागते, विझते, पुन्हा लागते. बेसा, मानेवाडा या बाजूला जेथे बोअरवेलचे कठीण पाणी वापरले जाते, तेथे दोन्ही यंत्रांत क्षार जमतात. विजेच्या गिझरमध्ये टाकी गंजण्यापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड दोन वर्षांनी पाहून बदलता येतो. गॅस गिझरची बारीक कॉइल मात्र चोंदल्यास काम वाढते. गच्ची स्वतःची असेल तर सौर बंबाचाही विचार करावा, पण फ्लॅटधारकांना तो क्वचितच साधतो.

तेव्हा माझा कल असा. पाच-सहा माणसांचे कुटुंब, तळमजल्याचे किंवा स्वतंत्र घर आणि मागे खरोखर उघडी जागा असेल, तर गॅस गिझर घ्यावा, आयएस १५५५८ चा आयएसआय शिक्का पाहूनच. दोन-तीन माणसांचा फ्लॅट असेल आणि गॅलरी बंदिस्त असेल, तर १५ लिटरचा विजेचा गिझर घ्यावा. जुने घर असेल, तर आधी वायरिंग बदलावे. तोवर चुलीवर किंवा शेगडीवर पातेल्यात तापवलेले पाणी हे बादलीतल्या इमर्शन रॉडपेक्षा केव्हाही बरे. न्हाणीघरातच बसवता येईल अशा गॅस गिझरची शिफारस मी कोणालाही करत नाही, घर भाड्याचे असले आणि भिंत फोडता येत नसली तरीही.

येथे गिझर वर्षातले आठ महिने बंद असतो. पावसाळ्यानंतर बर्नरमध्ये कोळ्यांची जाळी होते, उंदीर रबरी नळी कुरतडतात, बॅटरीचे सेल गळतात. ज्योत निळी नसून पिवळी दिसली किंवा गिझरच्या अंगावर काजळी धरू लागली, तर मिस्त्री येईपर्यंत तो वापरू नये. अंघोळीनंतर डोके दुखणे, गरगरणे किंवा मळमळणे हे घरातील एकाहून अधिक जणांना होत असेल, तर ते थंडीचे दुखणे समजू नये. गॅस बंद करून सर्वांनी मोकळ्या हवेत यावे, दवाखाना गाठावा आणि घरी गॅस गिझर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. गळतीचा वास आला तर कोणतेही बटण चालू वा बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन १९०६ हा एलपीजी गळतीसाठीचा मदत क्रमांक फिरवावा.