‘आजीवन मोफत’ क्रेडिट कार्ड: १७ महिन्यांचा अनुभव आणि ५८८ रुपयांचा पाठपुरावा

कार्ड घेतलं एप्रिल २०२३ मध्ये, बंद झालं सप्टेंबर २०२४ च्या शेवटी. पहिले १३ महिने मी ते रोज वापरलं. उरलेले महिने त्याच्याशी भांडण्यात गेले. बँकेचं नाव इथे लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही बँकेच्या कार्डाला लागू पडेल.

आधी चांगलं सांगते, कारण ते खरंच चांगलं होतं. ॲप सुटसुटीत होतं. परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार, टॅप करून पैसे देणं, हे सगळं वेगवेगळं चालू-बंद करता यायचं. पेट्रोलवरचा सरचार्ज परत मिळायचा. स्टेटमेंट दर महिन्याच्या १८ तारखेला न चुकता यायचं आणि पैसे भरायची शेवटची तारीख पुढच्या महिन्याची ७ असायची. किराणा, वीजबिल, पेट्रोल, मुलाचा क्लास असं मिळून वर्षभरात साधारण १ लाख ६० हजारांचा खर्च मी त्यावर केला. एकदाही तारीख चुकवली नाही. १०० रुपयांना १ पॉइंट आणि पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे एवढ्या खर्चाचे मिळाले ४०० रुपये. हा आकडा लक्षात ठेवा.

मी संगमनेरला एका पतसंस्थेत हिशेब बघते. कार्ड विकणारा मुलगा आमच्या ऑफिसातच आला होता. जेवणाची सुट्टी होती, आम्ही सात जणांनी फॉर्म भरले. मी त्याला दोनदा विचारलं, वर्षाची फी किती? तो म्हणाला, “ताई, कायमचं फ्री आहे, लिहून देतो.” आणि त्याने माहितीपत्रकाच्या मागे पेनाने लिहून दिलं: ‘लाइफटाइम फ्री, जॉइनिंग शून्य, वार्षिक शून्य’, खाली तारीख आणि त्याचा एम्प्लॉयी कोड. ऑडिट होईपर्यंत चिठ्ठीसुद्धा फेकायची नाही ही आमच्याकडची सवय, म्हणून तो कागद फाइलला लागला. पुढे सगळं त्या कागदावरच उभं राहिलं.

१८ मे २०२४ च्या स्टेटमेंटमध्ये एक ओळ जास्त दिसली. वार्षिक शुल्क ४९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ८९ रुपये ८२ पैसे. एकूण ५८८.८२. वर्षभराचे सगळे पॉइंट मिळून ४०० रुपये झाले होते, त्यापेक्षा ही फी जास्त.

२१ मेला कस्टमर केअरला फोन केला. मेनू ऐकत, बटणं दाबत, गाणं ऐकत २३ मिनिटांनी माणूस आला. त्याने ऐकून घेतलं, ‘रिव्हर्सल’ची रिक्वेस्ट टाकतो म्हणाला आणि फोन ठेवला. दोन दिवसांनी मेसेज: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. पैसे परत आले नव्हते. पुन्हा फोन केला, आता दुसरा माणूस. त्याला आधीच्या फोनचं काही दिसतच नव्हतं, म्हणून सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिसऱ्या फोनला एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पहिलं वर्ष फ्री होतं, दुसऱ्या वर्षापासून फी आहे.” तिच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. तिच्यासमोर तेवढंच लिहिलेलं असणार. मीही काउंटरवर बसते, समोरच्या माणसावर ओरडून काही होत नाही हे मला माहीत आहे. पण तीन फोनांमध्ये मला एकाही तक्रारीचा लेखी नंबर मिळाला नव्हता. ही माझी पहिली चूक. पहिल्याच फोनला एसआर (सर्व्हिस रिक्वेस्ट, म्हणजे तक्रारीचा) नंबर मागायला हवा होता, आणि त्याच दिवशी ईमेल करायला हवा होता.

दुसरी चूक महाग पडली. ७ जूनला मी माझा खर्च भरला, १४,२६० रुपये, आणि वादातले ५८८.८२ मागे ठेवले. जे मान्य नाही ते भरायचं नाही, हे मला सरळ वाटलं. क्रेडिट कार्डाचा नियम मात्र वेगळा चालतो. पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि व्याज प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजलं जातं. दर महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२. जूनच्या स्टेटमेंटमध्ये व्याज ४८७.६३ आणि त्यावर जीएसटी ८७.७७. तोपर्यंत मी कार्ड वापरणं बंद केलं होतं, तेव्हा नवा खर्च शून्य. तरी बाकी ११६४.२२. ती मी रागाने भरली नाही. जुलैत लेट फी ५०० आणि कर ९०, शिवाय न भरलेल्या वार्षिक शुल्कावरही व्याज. ऑगस्टमध्ये तेच पुन्हा. १८ ऑगस्टला ५८८.८२ चे २३९२.८६ झाले होते.

आज कुणी मला विचारलं तर मी सांगेन, वादातली रक्कम छोटी असेल तर ती भरून टाका आणि त्याच दिवशी ईमेल करा, की ही रक्कम मला मान्य नाही, तक्रारीचा हक्क राखून भरत आहे, परत करावी. पैसे परत मिळवणं त्याने अवघड होत नाही. व्याज, लेट फी आणि सिबिल, म्हणजे कर्ज वेळेवर फेडण्याबद्दलचे आपले गुण, मात्र वाचतात. माझा सिबिल स्कोअर ७८६ वरून ७४२ वर आला. त्याच वर्षी घराच्या दुरुस्तीसाठी कर्ज काढायचं चाललं होतं, आणि मी स्वतः रोज लोकांच्या कर्जाच्या फायली बघते. तो आकडा पाहिला त्या रात्री मला झोप लागली नाही. वसुलीचे फोनही त्याच आठवड्यात सुरू झाले. एकदा सासूबाईंनी फोन उचलला आणि त्या घाबरून गेल्या, सुनेने काय कर्ज काढून ठेवलंय म्हणून. ५८८ रुपयांसाठी घरात हे व्हावं, याचं मला अजून वाईट वाटतं.

२४ जूनला मी शांतपणे बसून लेखी तक्रार लिहिली. हाच दिवस खरा महत्त्वाचा, कारण पुढची मुदत या तारखेपासून मोजली गेली. एका पानात बसवली. कार्डाचे शेवटचे चार आकडे, वादातल्या ओळी तारखेसह, माझी मागणी काय ते तीन वाक्यांत, आणि सोबत त्या माहितीपत्रकाचा फोटो. शिवाय दोन कागद मागितले: माझ्या सहीचा अर्ज आणि ‘की फॅक्ट स्टेटमेंट’. रिझर्व्ह बँकेचे कार्डांबद्दलचे निर्देश १ जुलै २०२२ पासून लागू झाले. त्यानुसार अर्जाबरोबर व्याजदर, शुल्क वगैरे सांगणारं एक पानी पत्रक बँकेने द्यायचं असतं. शुल्कात बदल करायचा तर किमान महिनाभर आधी कळवायचं असतं. मला दोन्हींपैकी काहीच मिळालं नव्हतं. न भरलेलं शुल्क आणि कर मिळवून त्यावर व्याज चढवायचं नाही, हेही तिथेच लिहिलंय. जुलैच्या स्टेटमेंटमधली ती ओळ मी नंतर तक्रारीला जोडली.

उत्तर आलं ते फोनवर मिळालं होतं तेच, फक्त इंग्रजीत आणि ‘डिअर कस्टमर’ लावून. मग बँकेच्या साइटवर अगदी तळाशी असलेली नोडल अधिकाऱ्यांची (बँकेतल्या तक्रारी बघणाऱ्या वरिष्ठांची) यादी शोधली आणि ४ जुलैला प्रिन्सिपल नोडल ऑफिसरला लिहिलं. तिकडून पोचसुद्धा नाही.

मधल्या काळात मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला होता. तक्रार लगेच नोंदवली गेली आणि नंबरही मिळाला. पण हेल्पलाइन ती तक्रार कंपनीकडे पाठवते, निकाल देत नाही. बँकेने त्यांनाही तेच ठरीव उत्तर दिलं आणि तक्रार बंद झाली. म्हणून १९१५ निरुपयोगी आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या मिक्सरची मोटर वॉरंटीत असताना सर्व्हिस सेंटरने दीड महिना रखडवली होती, ती याच नंबरवर तक्रार केल्यावर ११ दिवसांत बदलून मिळाली. वस्तू, दुरुस्ती, ऑनलाइन खरेदी यांसाठी तिथूनच सुरुवात करावी. बँकेसाठी मात्र रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारींवर निर्णय देणारा अधिकारी, हा थेट रस्ता आहे.

मी तक्रार केली तेव्हाची लोकपालाची एकात्मिक योजना १२ नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाली होती. बँक, वित्तकंपनी, वॉलेट अशा सगळ्यांसाठी एकच पोर्टल, पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. अट एक, आणि लोक तिथेच अडकतात: आधी बँकेकडे लेखी तक्रार हवी, आणि तिला ३० दिवस होऊनही उत्तर नसलं किंवा आलेलं उत्तर पटलं नसलं तरच इथे यायचं. तेव्हा त्यासाठी एका वर्षाची मुदत होती. फोनवरची भांडणं यात मोजायला अवघड जातात. पोर्टल पहिल्यांदा हेच विचारतं, बँकेला कधी लिहिलंत, तारीख आणि कागद द्या. ज्यांना इंटरनेट जमत नाही त्यांना चंदीगडला सेक्टर १७ मधल्या रिझर्व्ह बँकेच्या केंद्रात साधं पत्रही पाठवता येतं. रिझर्व्ह बँकेच्या १४४४८ या मदत क्रमांकावर मी फोन केला तेव्हा माझ्याशी मराठीत बोलले आणि कुठला कागद जोडायचा ते नीट समजावलं. दोन महिन्यांत पहिल्यांदाच मला कुणीतरी पूर्ण ऐकून घेतलं असं वाटलं.

२७ जुलैला तक्रार टाकली. फॉर्म भरायला पाऊण तास लागला, कारण स्टेटमेंट, ईमेल, फोटो हे सगळं आकाराने लहान करून चढवावं लागलं. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेतून फोन आला. या वेळी मेनू नव्हता, समोर नाव सांगणारा अधिकारी होता आणि त्याने माझी फाइल वाचलेली होती. माझ्या सहीचा अर्ज त्यांना सापडला होता. वार्षिक शुल्काचा रकाना कोरा होता. २ सप्टेंबरला २३९२.८६ रुपये पूर्ण उलटवले गेले आणि सिबिलकडे दुरुस्ती पाठवल्याचं पत्र आलं. मानसिक त्रासासाठी मी ३ हजार रुपये मागितले होते, ते मिळाले नाहीत. अशी भरपाई १ लाखापर्यंत देण्याचा अधिकार तेव्हा लोकपालाला होता, पण माझ्या तक्रारीत तो वापरला गेला नाही. मला ते पटलं नाही. वसुलीचे फोन घरच्यांना गेले, त्याचा हिशेब कुठेच झाला नाही.

मग कार्ड बंद करायला अर्ज केला. लगेच गोड आवाजात फोन सुरू झाले: मॅडम, हजार पॉइंट देतो, लिमिट वाढवून देतो. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, अर्ज दिलेला आहे. रिझर्व्ह बँकेचा नियम असा की बाकी नसेल तर अर्जापासून कामाच्या सात दिवसांत खातं बंद करायचं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये कार्डधारकाला द्यायचे. पोस्टाने अर्ज पाठवा, असा आग्रहही बँकेला धरता येत नाही. माझं कार्ड मुदत उलटून सहा दिवसांनी बंद झालं. मी नियम लिहून दोन ओळींचा ईमेल केला. आठवड्याने बचत खात्यात ३ हजार रुपये आले, कुठलंही स्पष्टीकरण नाही. त्रासाचे म्हणून मागितलेले तेवढेच रुपये दुसऱ्या दाराने आले. सिबिलची दुरुस्ती दिसायला मात्र ऑक्टोबर उजाडला. स्कोअर आता ७७९ आहे. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांचा पूर्ण अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो मागवून मी प्रत्येकात नोंद बघितली. एका कंपनीकडे ती चुकीचीच राहिली होती, पुन्हा लिहावं लागलं.

लोकपालाकडे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे वस्तू किंवा सेवेसाठी आपण मोजलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दोन वर्षांची मुदत असते, आणि २०१९ च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. आम्हाला अहिल्यानगरला (आधीचं अहमदनगर) जाऊन होतं, मुंबईला कंपनीच्या दारात जायची गरज नाही. मला ती वेळ आली नाही, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही.

कार्डाला पाच पैकी गुण द्यायचे तर वापराला चार देईन. चूक झाल्यावरच्या वागणुकीला एक, तोही त्या शेवटच्या अधिकाऱ्यासाठी.

आम्ही सात जणांनी कार्ड घेतलं होतं. माझं प्रकरण मिटल्यावर मी बाकीच्यांची स्टेटमेंट बघितली. चौघांनी फी मुकाट्याने भरली होती. आमच्या शिपाई मावशींना तर अशी काही ओळ आहे हेच माहीत नव्हतं, मुलगा ॲपवरून ‘टोटल ड्यू’ भरून टाकत होता. तिघांचे पैसे बँकेने लेखी तक्रारीनंतर दोन आठवड्यांत परत केले. मावशींचा ईमेल मी त्यांच्या मुलाकडून त्याच्याच हाताने लिहून घेतला, म्हणजे पुढच्या वेळी माझी वाट बघायला नको. त्यांना अजून उत्तर नाही. आज २२ वा दिवस आहे, पुढच्या आठवड्यात ३० भरतात. पोर्टलवर चढवायचे कागद आम्ही तयार ठेवलेत.